अर्धा रिपोर्ट

"थांब गा. आधी त्याचं पुरं सांग, मंग तुह्यं."

हे म्हणताना फादर डावा हात टेबलावर उताणा ठेवत. डाव्या हातावर समोरच्याचं म्हणणं मांडायचं, तेही असं की समोरच्यानंच म्हटलं पाहिजे, हो, हेच माझं, आणि माझ्यापेक्षा नीट सांगितलं. मग उजवा हात उघडायचा. त्यावर स्वतःचं. डावा भरल्याशिवाय उजवा उघडायचा नाही, हा त्यांचा नियम. शेकडो वर्षांपूर्वी त्यांचे गुरुजन असेच वाद घालत, म्हणे.

मी कोण, ते आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही मला त्यांचा भक्त समजाल. मी पोलीस खात्यातला, साध्या कपड्यांतला हवालदार. सभा, मोर्चे, कामगारांच्या बैठका, जिथं चार माणसं जमतील तिथं पाचवा मी. संशय घेणं हे माझं पोटापाण्याचं काम. सवय इतकी लागलेली की दूधवाला जरा उशिरा आला तरी मी त्याला तीन प्रश्न विचारायचो. बायको म्हणायची, "तुमी एखाद्या दिवशी देवाले बी विचारसान, कुठून आला म्हून."

एकदा साहेबांनी बोलावलं. "आपल्या नागपुरात, सदर भागात, एक गोरा पाद्री दर शनिवारी मराठीत तत्त्वज्ञान सांगतो. कोणीही या, फुकट ऐका. फुकट कशासाठी सांगतो? जाऊन बस." मलाही ते पटलं. फुकट म्हटलं की माझ्याही डोक्यात घंटा वाजायची.

गेलो. मिशनच्या आवारात एक छोटा हॉल, बाकं, दहाबारा माणसं. फादर सत्तरीचे. पांढरा झगा, पायात टायरच्या चपला. युरोपातल्या कुठल्याशा डोंगराळ मुलखातून ऐन तारुण्यात आले आणि वऱ्हाडातल्या एका खेड्यात त्यांनी तीसेक वर्षं काढली. मराठी शिकले ती कापूस वेचणाऱ्या बायांकडून. त्यामुळे आत्मा, कार्यकारण, सत्य असले जड विषय हा गोरा माणूस "काहून गा?" करत सांगायचा. कॉलेजातली मंडळी रुमाल तोंडाला लावून हसायची. मी हसलो नाही. मला वाटलं, सोंग आहे. इतकं बेमालूम सोंग म्हणजे नक्की काहीतरी काळंबेरं असणार.

त्या दिवशी उभं राहून पहिलंच वाक्य बोलले, "असं दिसते का देव नाई."

घ्या! पाद्रीच म्हणतो देव नाही! पुढं कारणंही दिली. जगात इतकं दुःख आहे, मग चांगला देव कुठला. निसर्गाचं काम निसर्गच करतो, मग देवाची गरज काय. मी झरझर लिहून घेतलं आणि उठलो. रिपोर्टात ठोकून दिलं, सदर इसम नास्तिक असून धर्माचं केवळ सोंग करतो. साहेबांनी तो कागद अख्ख्या ऑफिसला वाचून दाखवला. हसता हसता त्यांना ठसका लागला.

पुढच्या शनिवारी मी मागच्या बाकावर टेकतो न टेकतो तोच फादर म्हणाले, "मांगच्या वक्ती एक जन 'देव नाई' येवढंच आयकून पळाला. जमादार, आज पुरता बस गा. आज देव हाये." हॉलभर हशा. मी घामाघूम. नंतर विचारलं, मला ओळखलं कसं? त्यांनी माझ्या पायांकडे बोट दाखवलं. सदरा साधा, पॅन्ट साधी, आणि पायात खात्याचे तांबडे बूट.

तेव्हापासून मी त्यांचा जमादार झालो. दर शनिवारी नंदनवनहून सायकल हाणत जायचो. तुम्ही म्हणाल, गोडी लागली. नाही हो, तेव्हा नाही. तेव्हा मला फक्त एवढंच वाटायचं की हा कधीतरी चुकेल आणि मी पकडीन.

फादरचा संशय माझ्याहून जुना आणि तालेवार होता. माझा माणसांवर, त्यांचा नव्या विचारांवर. नवा शब्द आला की त्याची झडती घ्यायचे. प्रगती म्हटलं की विचारायचे, "कोन्या गावले चालली? टिकटावर गावाचं नाव त पाह्यलं पाह्यजे." त्यांचं मुख्य भांडण असं की नव्या लोकांनी 'कसं' धरलं आणि 'काहून', म्हणजे 'का', सोडलं. "संत्र्याचं झाड कसं वाढते, सारं सांगतीन. काहून वाढते, ते विचारलं त म्हनतीन, हा सवालच नाई. म्या म्हनतो, सवाल नाई कसा? लेकरू बी पयले काहूनच विचारते." देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमधे, गिटार घेऊन येणाऱ्या तरुण पाद्र्यांवरही त्यांची संशयी नजर होती. लॅटिन जाऊन प्रार्थना मराठीत आली, त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "मराठी मान्य. गिटार अमान्य."

पहिल्या बाकावर एक वकील बसायचे. चाळिशीचे, नव्या मताचे, जिभेला धार. त्यांचं आणि फादरचं दर शनिवारी जुंपायचं. एकदा वकील म्हणाले, "फादर, सत्य असं काही नसतं. ज्याचं त्याचं आपापलं सत्य."

"हे जे तुमी बोलले, हे साऱ्याइसाठी खरं, का फक्त तुमच्यासाठी?"

आम्हाला वाटलं, झाला निकाल. पण फादरनी तिथंच डावा हात उताणा ठेवला आणि वकिलांची बाजू स्वतः मांडायला घेतली. माणसाला आपल्या जागेवरूनच दिसतं, सत्याच्या नावानं जुलूम झालेत, म्हणून शहाणा माणूस सत्याला बिचकतो. असं मांडलं की वकील टेबलावर थाप मारून म्हणाले, "हेच! मला हेच म्हणायचं होतं!" मग उजवा हात उघडून ते सगळं मोडून काढलं. वकील चिडायचे आणि पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या आधी हजर. हॉलबाहेर दोघं एकाच बाकावर बसून शेंगा खायचे.

घरी वेगळीच चौकशी. आल्या आल्या बायको गळा तपासायची, काही अडकवलं तर नाही? "बाटून जासान एखाद्या दिवशी," म्हणायची. साहेबही दर महिन्याला विचारायचे, "किती बाटवले?" मी सांगायचो, "एकही नाही साहेब. मागच्या शनिवारी दोघं झोपले मात्र."

मग आणीबाणी आली. वकील पहिल्या काही दिवसांतच आत गेले. त्यांच्या बाकावर कोणी बसेना. हॉलमधे सातआठ जण उरले, तेही दाराकडे बघत बसायचे. आणि नेमका त्याच सुमारास फादरचा इथं राहण्याचा परवाना संपत होता. दरसाल तो आमच्या खात्याच्या शिफारशीवर वाढायचा. फादरना मायदेशी परत जायचंच नव्हतं. त्या वऱ्हाडी खेड्यात, देवळामागच्या कडुनिंबाखाली, आपल्याला पुरायची जागा त्यांनी ठरवून ठेवली होती. गावकऱ्यांना दाखवूनही ठेवली होती. तिथंच शेवट व्हावा, याहून त्यांना दुसरं काही नको होतं.

आणि फादरनी हॉलच्या दारावर लावलेल्या विषयांच्या यादीत पुढचा विषय होता, अन्यायाचा हुकूम पाळावा का?

मी आधी गाठलं त्यांना. म्हटलं, "फादर, हा विषय सोडा. हा महिना जाऊ द्या, परवाना हातात येऊ द्या."

"यादीत याच शनवारी हाये."

"यादी तुमीच केली ना?"

"हाव. म्हून त पाळाची."

बोलले. डाव्या हातावर राज्याची बाजू. हुकूम पाळला नाही तर घराघरात आग लागेल. हुकूम अन्यायाचा आहे हे ठरवणार कोण, प्रत्येक चोर तेच म्हणेल. राज्यकर्त्याला वरून जास्त दिसतं. साहेब असते तर टाळ्या वाजवल्या असत्या. मग उजवा हात. कायदा म्हणजे सगळ्यांच्या भल्यासाठी विवेकानं घातलेली शिस्त. भलं गेलं, विवेक गेला, की उरतं ते कायद्याचं सोंग. गोंधळ नको म्हणून कधी सोसावं, पण पाप करायला सांगणारा हुकूम पाळू नये. शिक्का असला म्हणून हुकूम काही कायदा होत नाही.

मी घरी येऊन कागद घेतला आणि फक्त डावा हात लिहिला. सदर इसमाने प्रतिपादन केले की राज्याचा प्रत्येक हुकूम प्रजेने पाळलाच पाहिजे. खाली तिन्ही कारणं. एक अक्षर खोटं नाही. पहिल्या शनिवारी जे अडाणीपणानं केलं, ते या वेळी समजून उमजून केलं. साहेब खूश. शिफारस वर गेली, परवाना वाढून आला.

मी मोठ्या आनंदानं सांगायला गेलो. फादर अंगणात बसून चप्पल शिवत होते. परवाना वाढल्याचं ऐकून हसले. मग विचारलं, "तू काय लिवलं होतं गा?"

सांगितलं. चप्पल त्यांनी खाली ठेवली.

"हे माह्यं नाई."

"फादर, पण तुमीच बोलले हे."

"बोललो. पन माह्यं नाई. तुले मालूम हाये."

मला असा राग आला! म्हटलं, "मंग काय करू? तुमाले हाकलू देऊ? तुमची ती गावातली जागा, ते सारं सोडून देऊ?"

"थांब. तुह्यं म्या सांगतो." आणि त्यांनी माझी बाजू मांडली. फादर म्हातारा झाला. त्याला आपल्या माणसांत मरायचं आहे. चार ओळी गाळल्या तर कोणाचं काय बिघडलं? जमादारानं आपली नोकरी पणाला लावली, ती मायेपोटी लावली. "बराबर?"

मी नुसती मान हलवली. माझ्या मनातलं माझ्या बायकोलाही कधी इतकं कळलं नव्हतं.

"आता माह्यं आयक. सरकारच्या कागदावर मी आता असा मानूस हाये, जो म्हनते का जेलात बसले ते चुकले. त्यात आपले वकीलसाहेब हायेत. ते सुटून येतीन, त्या बाकावर बसतीन. त्याइच्यासमोर मी कोन्या तोंडानं उभा राहू?"

सोमवारी ते पायी आमच्या ऑफिसात आले. साहेबांच्या टेबलावर एक कागद ठेवला. व्याख्यान दोन भागांत झाले, पहिला आपल्याकडे पोचला आहे, दुसरा सोबत जोडत आहे. माझ्याबद्दल एक शब्द नाही. साहेबांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि फादर गेल्यावर म्हणाले, "येडा आहे का हा माणूस?" मी म्हटलं, "नाही साहेब." त्यापुढं बोलायची माझी छाती झाली नाही. महिन्याभरात वरून हुकूम आला, पंधरा दिवसांत देश सोडा.

पुढं ते तिकडंच वारले. वकील सुटले, पण तोवर हॉलला कुलूप होतं. मला सांगायचं आहे ते नागपूर स्टेशनवरचं. फादर खरंच गाडीत बसले की नाही हे बघायची ड्यूटी माझीच होती.

एक पत्र्याची पेटी, बस. खेड्यातून पंधरावीस माणसं आली होती, फलाटावर घोळका करून बसली होती. फादर खिडकीशी. एका म्हातारीनं भाकरी आणि ठेच्याचं गाठोडं आत दिलं. फादर मला म्हणाले, "तिथं मले कोन वयखते गा? ती बोली बी इसरलो मी." मला वाटत होतं, त्यांना हाताला धरून खाली उतरवावं. उतरवलं नाही.

म्हातारीनं माझ्याकडे बघून विचारलं, "फादर, हे कोन जी? तुमचे पावने?"

त्या माणसाला एवढं खोटं बोलता आलं असतं तर ही वेळच आली नसती.

"तो पोलीस हाये, बाई. माह्यावर नजर ठेवाले येते," फादर म्हणाले. "चांगला हाये. पुरं आयकते."

सगळं गाव माझ्याकडे वळून बघायला लागलं. जन्मभर मी लोकांकडे जसं बघत आलो, अगदी तसं. गाडी हलली. फादरचा हात खिडकीबाहेर बराच वेळ दिसला, मग दिसेना. बाया डोळे पुसत उठल्या. म्हातारीनं पदर सावरला, माझ्यापाशी आली आणि अजिबात राग न आणता, खरंच माहीत करून घ्यायचं म्हणून विचारलं,

"मंग आता कोनावर नजर ठेवसान जी?"

मी सायकल घेतली आणि नंदनवनला घरी आलो.