सुकाणूवरची रिकामी जागा

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. काच कापायची, शिशाच्या पट्टीत बसवायची, हे माझं काम. कुणी असले अनुभव सांगू लागलं की मीच पहिली खिल्ली उडवायचे. आता तुम्ही उडवा...

राहते रोडपालीला. मागच्या वर्षी पनवेलजवळ, शिरढोणच्या अलीकडे, एका कॉन्व्हेंटच्या चॅपलचं काम मिळालं — बाक आणि वेदी तयार होती, मला करायची होती पश्चिमेची रंगीत काचेची मोठी खिडकी. विषय सिस्टरांनी दिला: येशू आणि त्याचे कोळी शिष्य, होडीत.

मी करंजाच्या कोळीवाड्यातली, होडी काढायला मला कोण शिकवणार? बाबा तांडेल होते, सुकाणू त्यांच्याच हातात. मी चार वर्षांची असताना समुद्रावर गेले ते आलेच नाहीत. होडी सापडली नाही, देह नाही. घरात फोटोसुद्धा नाही. आईने कुंकू पुसलं नाही, दिवसकार्य करू दिलं नाही.

खिडकीतली सगळी माणसं जमली, सुकाणूवरचा काही जमेना. दर वेळी हात बाबांचा चेहरा शोधायचा आणि अडायचा. शेवटी तिथे साधी हिरवी काच बसवली.

"ताई, सुकाणूवर कोणीच नाही?" सिस्टरांनी विचारलं.

"येशू आहे ना होडीत, बुडणार थोडीच!" मी वेळ मारून नेली.

काम संपल्यावर आईला दाखवायला नेलं. दुपारचे चार. खिडकीचे रंग फरशीवर उतरले होते. आई पहिल्या बाकावर बसली आणि फरशीकडे बघत राहिली. फरशीवरच्या होडीत, त्या हिरव्या उजेडात, एक सावली होती... पाठमोरा माणूस, डावा खांदा उतरलेला.

"तुज्या बापाचा खांदा पडलेला व्हता, तुला कोनी सांगितला गो?"

"मी काहीच काढलेलं नाही, आई."

बाहेर धावले. झाड नाही, वायर नाही. शिडीवर चढून काच पुसली — स्वच्छ. खाली सावली तशीच. आई फरशीवर बसून तिच्यावर हात ठेवून होती. ऊन सरकलं तशी सावलीही सरकत गेली.

"जा आता तुमी," आई त्या सावलीला म्हणाली. "पोरगी मोठी झाली."

पुढच्याच आठवड्यात तिने बाबांचं दिवसकार्य करायला लावलं.

काचेत लहर असेल, म्हणाल. मीही तेच म्हणाले असते. पण तो खांदा मला ठाऊकच नव्हता हो!

सावली परत दिसली नाही. आईचा निरोप झाला, माझा राहिला. चेहरा बघायचाय मला, एकदाच. अजून अधूनमधून चारला जाते, खिडकी तपासायला आले म्हणते. सिस्टर दार उघडून देतात. पहिल्या बाकावरची धूळ त्यांनी आधीच पुसून ठेवलेली असते.