साहेबांच्या गावचा पाहुणा

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात मी रिसेप्शनला होते. आमचे ऑफिस मॅनेजर मूळचे सटाण्याकडचे. मुंबईला जाऊन सिक्युरिटीचं ट्रेनिंग काय घेऊन आले, अंगात वारंच शिरलं हो! सुट्टी झाली की गेटवर उभं राहून आम्हा बायकांचे डबे उघडून बघायचे. डब्यात लेथ मशीन घालून नेणार होतो की काय आम्ही? अंगाची नुसती लाही लाही व्हायची. पण नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, घर माझ्या पगारावर चाललेलं. मुकाट्यानं डबा उघडायचे.

एका दुपारी कडक इस्त्रीतला एक माणूस आला. कॉम्प्युटर दुरुस्तीला न्यायचाय म्हणाला. ऑफिसात कॉम्प्युटर एकच, गिऱ्हाइकांची सगळी ड्रॉइंग त्यातच. मी म्हटलं, "चिठ्ठी दाखवा, नाहीतर बसा तिकडे." तेवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले. त्यांचं बोलणं त्यानं आधी कुठे ऐकलं होतं देव जाणे, पण हा पठ्ठ्या सरळ साहेबांच्या गावाकडच्या अहिराणीत म्हणतो कसा, "काय भाऊ, वळखं नही का?"

संपलं! साहेब जागच्या जागी पाघळले. गावाकडच्या माणसाला ओळखलं नाही म्हणायचं म्हणजे केवढी नामुष्की! "वळखं ना भाऊ!" म्हणत त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि माझ्यावर डाफरले, "बाई, आमच्या पाहुण्यांना चिठ्ठी मागता? सॉरी म्हणा आधी." म्हटलं. चहाही मीच आणून दिला, चांगल्या कपबशीतून. मग साहेबांनी स्वतः दार धरलं आणि कॉम्प्युटर रिक्षात बसून गेला.

तो गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी मालकांनी बोलावून विचारलं, तर साहेबांनी तोंड वर करून माझ्याकडे बोट दाखवलं. "रिसेप्शनला ह्या होत्या. ह्यांनी आत सोडला."

काय निलाजरा माणूस! नोकरी जातेय हे दिसलं आणि माझी भीतीच मेली. "मालक, मी अडवला होता. साहेबांनी मला त्याची माफी मागायला लावली. पाहुणे त्यांचे, नाव त्यांनाच विचारा."

मालकांनी विचारलं. साहेबांना काही नाव सांगता येईना. "आमच्या बागलाणकडचेच होते..." एवढंच पुटपुटले.

माझी नोकरी राहिली. त्यांचीही राहिली, असल्यांची कधी जात नाही. आणि संध्याकाळी हे महाशय गेटवर पुन्हा हजर, डबे उघडायला! माझी पाळी आली. तळाशी थोडी भाजी उरली होती. डबा त्यांच्या नाकाखाली धरला आणि म्हटलं, "मेथीनी भाजी शे, भाऊ. वळखं नही का?"

मागच्या बायका खो खो हसत सुटल्या. साहेबांनी खाली मान घालून झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला.