पांढरं फडकं

आमच्या ह्यांचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नाही. पाणबुडे खाली जाताना कमरेला शिशाची वजनं बांधतात, त्यांवर प्लास्टिकचा थर चढवायचं ह्यांचं काम. उघडं शिसं हाताला लागतं, पाण्यात मिसळतं, म्हणून. कानशीने कडा घासायच्या, वजन भट्टीत तापवून प्लास्टिकच्या भुकटीत बुडवायचं, गार झालं की पांढरं फडकं फिरवायचं. करडी रेघ उमटली की वजन परत. फडकं स्वच्छ निघालं की स्वारी मिशीला पीळ देणार! कारखान्यात ह्यांना 'फडकेसाहेब' म्हणतात ते उगाच नाही.

लेक कामावर जाते, म्हणून नात दिवसभर माझ्याकडे. मध्यंतरी पोर चिडचिडी झाली, घास गिळेना. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तर रक्तात शिसं!

लेक म्हणाली, "आई, कुठून जातंय ते सापडलं नाही तर उद्यापासून हिला इथे ठेवणार नाही."

"माझ्याकडून शक्यच नाही," हे उसळले. "मी हात धुऊन, कपडे बदलून घरी येतो."

मग फडकं निघालं. नळ, खिडकीचा रंग, जावयाने आणलेला लाकडी घोडा. शेजारच्या काकूंच्या बांगड्यासुद्धा पुसल्या, मला मेलीला तोंड दाखवायला जागा उरली नाही. फडकं पांढरं ते पांढरंच. शेवटी माझ्या मसाल्याच्या डब्याकडे वळले.

"हळद कुठली आणलीस?"

"वा रे वा! इतकी वर्षं खाताय, तेव्हा नाही विचारलंत?"

दुसऱ्या दिवशी लेकीला कशीबशी थोपवून धरली. संध्याकाळी हे कामावरून आले, हात धुतले, पोरीला मांडीवर घेतलं. तिने रोजच्यासारखी दोन्ही मुठींत आजोबांची मिशी धरली, ओढली, आणि मूठ तोंडात घातली.

मी झडप घातली. मूठ सोडवली, ह्यांच्या खिशातलं फडकं ओढलं आणि मिशीवरून फिरवलं.

"अगं, वेड लागलं का तुला?"

मी फडकं समोर धरलं. करडी रेघ. ह्यांनी ती कारखान्यात रोज बघितलेली, ओळखायला वेळ लागला नाही. उठले, मोरीत गेले, दार लावलं.

बाहेर आले ते मिशी उतरवूनच. लग्नाआधीपासूनची मिशी हो! मला हसू आलं आणि रडूही. ह्यांनी नातीपुढे हात पसरले. तिने टक लावून पाहिलं आणि माझ्या गळ्याला मिठी मारून भोकाड पसरलं.

"अगं, मीच आहे, आजोबा," हे म्हणत राहिले.

ती माझ्या खांद्याआडून बघत होती, अगदी ह्यांच्याच संशयी नजरेने. ह्यांनी हात मागे घेतले आणि पुन्हा साबणाने धुवायला गेले.