सशाची चाल

ससेवाल्या काकू हे नाव गल्लीने ठेवलं होतं आणि काकूंना ते मनापासून आवडायचं. पोटापाण्याचा धंदा शिवणकामाचा. पुढच्या खोलीत दोन मशिनं, शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे, रिळांचा डबा. पण गणवेशाच्या शिलाईचं कोण कौतुक करतं? कौतुक व्हायचं ते मागच्या खोलीतल्या लॅब्राडोर कुत्र्यांचं. पळताना त्या मागचे दोन्ही पाय जुळवून टुणटुण उड्या मारायच्या, अगदी सशासारख्या. बघणारा हसल्याशिवाय पुढे जात नसे.

सुरुवात थोरलीपासून झाली. थोरली म्हणजे काकूंची पहिली कुत्री. तिची जी पिल्लं अशा उड्या मारत, ती लोक आधी उचलून नेत. म्हणून काकूंनी त्यातलीच एक घरी ठेवली, ती मधली. मधलीसाठी नर शोधायची वेळ आली तेव्हा त्यांनी अर्धं गाव पालथं घातलं आणि टुणटुण उड्या मारणाराच शोधून काढला. केवढी अक्कल चालवली! मधलीला दहा पिल्लं झाली. त्यातलं एक पिल्लू मात्र सरळ, एकेक पाय टाकत चालायचं. ‘ह्याला आपल्या घराण्याची चाल नाही,’ म्हणत काकूंनी ते वॉचमनला देऊन टाकलं. बाकी नऊ मिरवत मिरवत लोकांच्या घरी गेली.

मधलीच्या पुढच्या वेतात एकच पिल्लू जगलं, ती धाकटी; ती काकूंनी स्वतःसाठी राखली. ती दोन वर्षांची झाली, रविवारी तिची जोड लावायचं ठरलं, आणि त्याच बुधवारी सकाळी ती उठता उठता कण्हली. काकू तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथली डॉक्टरीण त्यांच्या मुलींच्या वयाची. तिने एक्स-रे काढला आणि उजेडाच्या पाटीवर लावला.

“हा खुबा, काकू. मांडीच्या हाडाचा हा गोळा ह्या वाटीत खोल बसायला हवा. हिची वाटी बशीसारखी उथळ आहे. गोळा सरकत राहतो आणि सांधा झिजतो. दोन्ही बाजूंना तेच.”

“कुठे पडली-बिडली असेल का?”

“पडून असं होत नाही. हे वारशाने येतं. जन्मलेल्या पिल्लात काही दिसत नाही, वाढत्या वयात सांधा सैल पडत जातो. वजन वाढवलं, गुळगुळीत फरशीवर घसरली, तर त्रास वाढतो. पण मूळ आई-बापाकडचं. पळताना मागचे पाय जुळवून उड्या मारते का?”

काकूंच्या तोंडावर सवयीचं हसू आलं. “अहो, आमच्या घराण्याची चालच आहे ती!”

डॉक्टरीण हसली नाही. “एकेका पायावर भार पेलत नाही म्हणून दोन्ही जुळवतात, काकू. बऱ्याचदा हीच आजाराची पहिली खूण असते.”

कुणीतरी भर बाजारात तोंडात मारावी तसं काकूंना झालं. ज्या दुखण्यावर त्या पंधरा वर्षं मिरवल्या, ते त्यांनी स्वतः निवडून निवडून वाढवलं होतं. आणि सांगणारं कुणी नव्हतं म्हणावं, तर तेही नाही. ह्याच दवाखान्यातल्या जुन्या डॉक्टरांनी मधलीच्या वेळी बजावलं होतं, की जोड लावण्याआधी दोघांच्या खुब्यांचा एक्स-रे काढून घ्या. ‘धडधाकट कुत्रीचा कसला फोटो काढता?’ असं म्हणून काकूंनी त्यांना उडवून लावलं होतं. थोरली शेवटी जागची उठेना, तेव्हा ‘वय झालं’ म्हणून त्या मोकळ्या झाल्या होत्या. आता ते सगळं एकदम आठवलं.

रविवारचा बेत त्यांनी घरी येताच फोन करून मोडला. ते सोपं होतं. पण नऊ घरांत गेलेल्या मधलीच्या नऊ पिल्लांचं काय? त्या लोकांना जाऊन सांगायचं की गप्प बसायचं?

वरच्या मजल्यावरच्या जाऊबाई खाली आल्या. “कशाला स्वतःच्या हाताने अंगावर ओढवून घेता? कुणी विचारायला आलंय का?”

“कुणी येत नाही, तेच तर खातंय मला.”

“गल्लीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, सांगून ठेवते.”

 काकू मशिनवर बसल्या आणि एका विजारीचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून बसल्या. उसवलं, पुन्हा चुकलं. मन खाऊ लागलं की हातही ऐकत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या निघाल्या.

पहिलं घर वायरमनचं, दुसऱ्या मजल्यावर. वायरमन कामाला गेला होता. त्याची बायको नर्स होती. आज तिची सुट्टी होती. वायरमनची म्हातारी आई खिडकीपाशी मोजे रफू करत होती. चार वर्षांची नात फरशीवर चित्र रंगवत होती आणि चटईवर मधलीचं पिल्लू, आता पाच वर्षांचा लाडोबा, आडवा पडला होता. काकूंना बघून तो शेपटी आपटत उठायला गेला, पण तिसऱ्या प्रयत्नाला उठला.

काकूंनी मनात घोकलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. वाटी, गोळा, वारसा, जुन्या डॉक्टरांचा सल्ला, काहीच झाकलं नाही.

नर्स लाल झाली. “म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“माहीत नव्हतं. पण माहीत करून घ्या म्हणून सांगितलं होतं, आणि मी ऐकलं नाही. दोष माझाच.”

नर्स आणखी काही बोलणार होती, तेवढ्यात खिडकीपाशी बसलेल्या म्हातारीने विचारलं, “म्हणजे पडल्यामुळे नाही?”

काकूंना काही उमगेना. नर्सचा आवाज एकदम खाली आला. “चार महिन्यांचा होता, तेव्हा आईंच्या हातून जिन्यावर पडला. पुढे लंगडायला लागला, तेव्हा मी रागाच्या भरात बोलून गेले, की तुमच्या हातात काही द्यायची सोयच नाही.”

“खरंच वाटलं मला ते,” म्हातारी म्हणाली. “मग मी काही उचललंच नाही. ही नात जन्मली, दवाखान्यातून घरी आणली, तेव्हाही लांबूनच बघितलं. म्हटलं, आपल्या हातांचा भरवसा नाही. पुन्हा सांगा हो एकदा, पडून होत नाही ना?”

“नाही हो, आजी. डॉक्टरीणबाईंनी स्वतः सांगितलं. तो पडला नसता तरी लंगडलाच असता. हे माझ्यामुळे झालं.”

म्हातारीने ते आणखी दोनदा वदवून घेतलं. मग मोजे बाजूला ठेवून तिने नातीला जवळ बोलावलं, तिच्या काखांत हात घातले आणि जोर लावला. पोरगी जेमतेम चार बोटं वर उचलली गेली आणि खिदळायला लागली. “आजी, मी मोठी झालेय!” म्हणत ती सुटली आणि आपल्या रंगांकडे पळाली.

“खरंच की,” म्हातारी म्हणाली. “कडेवर घ्यायचं वय निघून गेलं हिचं.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते काकूंच्या जिव्हारी लागलं. नर्स पाठ फिरवून स्वयंपाकघरात गेली ती बाहेर आलीच नाही. काकूंनी माफी घोकून आणली होती ती कुत्र्यापुरती. ह्याची माफी कशी मागतात ते त्यांना माहीत नव्हतं. म्हातारीनेच शेवटी ‘या आता’ म्हटलं तेव्हा त्या उठल्या.

दुसरं घर कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याचं. दार त्यानेच उघडलं, आणि त्याच्या मागून त्याचा कुत्रा लंगडत आला. काकूंनी वाटी, गोळा, वारसा सगळं नंतरसाठी ठेवलं.

“आधी मला एवढं सांगा,” त्या म्हणाल्या, “ह्याच्या पायांवरून घरात कुणाला बोल लावलात?”

चष्मेवाल्याने मान खाली घातली. “स्वतःलाच,” तो म्हणाला.