बक्षीस म्हणायचं नाही

"खोरं? अरे गाढवा, खोरं? चमचा म्हण! चहाचा चमचा! तोही भोक पडलेला!"

पौंडकाका ओरडत होते. एका हातात साबुदाणा वड्यांची प्लेट आणि दुसऱ्या हाताचं बोट मनीषच्या नाकासमोर. मनीष म्हणजे आमच्यातला पुणेकर. गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या जेवणाला, स्वतःच्या स्टॉक ऑप्शन्सचं गुणगान गाता गाता तो एवढंच म्हणाला होता, की टेनिस खेळणाऱ्या बायका खोऱ्यानं पैसा ओढतात यार, मुलीला तिकडेच घालावं. झालं. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या त्या शाळेच्या हॉलचं छत काकांच्या आवाजानं वीतभर वर गेलं आणि अजून नीट बसलेलं नाही. पाऊस आला की गळतं. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा.

"वरच्या दोघी-तिघी मिलियनमध्ये लोळतात, कबूल! पण त्यांच्या खाली बघ की. ब्रिटनची एखादी पोरगी वर्षानुवर्षं जगभर वणवण करते आणि तिची जन्माची कमाई तुझ्या त्या नव्या गाडीएवढी होत नाही. त्यातून टॅक्स काढ, कोच काढ, विमान काढ, मोटेल काढ. काढ, काढ की!"

मनीषनं घाबरून खरोखरच फोनवर कॅल्क्युलेटर काढला.

काका औषधांच्या कंपनीत केमिस्ट होते. अर्धं आयुष्य इंग्लंडात काढून कंपनीच्या बदलीवर न्यू जर्सीत आले, पण डोकं तिकडच्याच चलनात अडकलेलं. ओक ट्री रोडवर कोथिंबिरीची जुडी घेतानाही मनातल्या मनात तिचे पौंड करायचे आणि "अरे, स्वस्त आहे!" असं दुकानदाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगायचे. पुढच्या आठवड्यात जुडी महाग. सबंध एडिसनची कोथिंबीर या एका माणसानं महाग केली, असं माझं ठाम मत आहे.

पण त्यांचं खरं वेड म्हणजे ब्रिटिश महिला टेनिसपटूंची करिअर प्राइझमनी. सध्या खेळणाऱ्यांपैकी कुणी आजवर किती मिळवलं, कोण कुणाच्या पुढे गेली, याची यादी रोज सकाळी चहाच्या आधी फोनवर बघायची. "लोक शेअर बाजार बघतात, मी पोरी बघतो," असं एकदा ते भर मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये म्हणाले. हॉलमध्ये अशी शांतता पसरली की पंखा दचकून थांबला. "अरे, टेनिसच्या!" काका ओरडले, तेव्हा तो पुन्हा फिरायला लागला.

त्या यादीत खूप खाली, बोटानं बराच वेळ सरकवत गेलं की सई सापडायची. काकांची एकुलती एक मुलगी. राहायला एडिसन, जेवायला वरण-भात आणि नावापुढे झेंडा ब्रिटनचा.

"काका, अमेरिकेकडून का नाही खेळवलं तिला?" मी एकदा विचारलं.

"अमेरिकेच्या यादीत ती दिसली तरी असती का? दुर्बीण लागली असती!" मग जरा वेळानं आवाज उतरवून, म्हणजे फक्त शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल इतपत, म्हणाले, "अरे, तिला टेनिस तुझ्या काकूनं शिकवलं. तिकडच्या म्युनिसिपालटीच्या कोर्टवर, साडीवर कार्डिगन घालून बॉल टाकायची. ती तिकडेच गेली. झेंडा तेवढा राहू दे, म्हणाली पोरगी."

सई अमेरिकेतल्या गावोगावच्या छोट्या स्पर्धा खेळायची. पहिल्या फेरीत हरली तर मिळालेल्या पैशांत मोटेलची एक रात्र आणि फ्राइज यायच्या. केचप फुकट. मधल्या महिन्यांत ती ओक ट्री रोडवरच्या एका रेस्टॉरंटमध्ये टेबलं सांभाळायची, आणि तिचं बरंचसं मराठी तिथल्या गिऱ्हाइकांकडूनच पक्कं झालेलं. एकदा मी त्यांच्या घरी बसलो होतो. काका पुण्याच्या भावाला फोनवर सांगत होते, म्हणजे फोन नसता तरी पुण्याला ऐकू गेलं असतं, "अरे, सईला बक्षीस मिळालं! बक्षीस!"

सई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "बाबा, मला कुणी बक्षीस नाही दिलं. आय वन दॅट."

"अगं, तेच सांगतोय ना!"

"नो. बक्षीस रेस्टॉरंटमध्ये देतात. तिथले काका लोक म्हणतात, 'हे घे तुझं बक्षीस', आणि बिलाखाली ठेवून जातात. हे मी कमवलंय."

काकांनी मला खूण केली, मीही साक्ष दिली, की मराठीत दोन्हीला एकच शब्द आहे. सईनं दोघांकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "मग तो शब्द नको."

त्या दिवसापासून बक्षीस म्हणायचं नाही. नुसतं घरात नाही, अख्ख्या न्यू जर्सीत नाही. मंडळाच्या चित्रकला स्पर्धेला 'बक्षीस समारंभ' असा बॅनर लागला, तर काका स्टुलावर चढले आणि त्यावर 'कमाई' असा कागद चिकटवून खाली उतरले. पहिल्या आलेल्या चिमुरडीला खडूची पेटी देताना गंभीरपणे म्हणाले, "ही तुझी कमाई हो, बाळ. टॅक्स भर."

मग सईचा खांदा गेला. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की हात डोक्यावर नेऊन जोरात मारायचं विसर. म्हणजे सर्व्हिस संपली. ती इनडोअर क्लबमध्ये मुलांना शिकवायला लागली. सगळी आमचीच, आयटीवाल्यांची मुलं. खेळून मिळायचे त्याहून जास्त पैसे मिळायला लागले. तिला आता एकच हवं होतं, की निवृत्त झाले असं जाहीर करायचं आणि मोकळं व्हायचं.

"थांब," काका म्हणाले. "सोडलंस की यादीतून नाव काढतात. एक सीझन थांब." ती थांबली.

"काका," मी म्हटलं, "क्लासचे पैसे म्हणजे पण कमाईच ना? शब्द तुमचाच आहे."

"कमाईच आहे रे," ते म्हणाले आणि फोनकडे बोट केलं. "पण ती इथे धरत नाहीत."

असा थांबलेला आकडा फार वाईट. तो कमी होत नाही. जागच्या जागी बसून राहतो आणि मागून पोरी येत राहतात. "आज आणखी एक पुढे गेली," असं काका मला सकाळी फोन करून सांगायचे, नात्यातलं कुणी गेल्यासारखं. रविवारी बेसमेंटमध्ये सईच्या रॅकेटांचं गटिंग चालायचं. कुणी खेळलं नाही तरी तारा सैल पडतात, म्हणून काका चांगल्या तारा कापून नव्या ओवायचे. सई जिन्यात उभी राहून बघायची आणि वर निघून जायची.

पुढे काकांच्या हृदयाचं दुखणं निघालं. जिना चढताना दम लागायचा. ओरडणं निम्म्यावर आलं. शेजारचे म्हणाले शांत वाटतं, आणि त्यांनाच ते आवडेना. अशात एक दिवस सई म्हणाली, "बाबा, ओहायोतल्या डब्लिनजवळ टूर्नामेंट आहे. मी एंट्री टाकलीय." दुखापत झालेल्यांना जुन्या रँकिंगवर प्रवेश मिळतो, तो तिनं वापरला. गाडी मी ड्राइव्ह केली.

पहिली सर्व्हिस तिनं खालून केली. बॉल हातातून सोडला आणि रॅकेटनं हळूच वर उचलला. समोरची कॉलेजातली पोरगी आधी गोंधळली, मग हसली, मग मारायला लागली. प्रेक्षकांत आम्ही दोघं, एक कुत्रा आणि त्याचा मालक. थोड्या वेळानं कुत्र्यानंही तोंड फिरवलं. प्रत्येक सर्व्हिस खालून. मला वाटलं, आता काका उठणार आणि ओहायो राज्य हादरणार. काका उठले नाहीत.

"तुझी काकू अश्शीच टाकायची बॉल," एवढंच म्हणाले.

सई हरली. पहिल्या फेरीचे पैसे मिळाले, आकडा जेमतेम हलला.

परतताना सबंध पेनसिल्व्हेनिया काका गप्प होते. ते राज्य केवढं लांब आहे, ते मला त्या दिवशी कळलं. मागच्या सीटवर सई खांद्यावर बर्फाची पिशवी धरून बसलेली. न्यू जर्सीची पाटी आली तेव्हा काका मागे न बघता म्हणाले, "सई, पुरे आता. सांगून टाक सगळ्यांना."

"सांगते," ती म्हणाली.

पण तिनं काही सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "दादा, बाबा अजून रोज सकाळी बघतात. माझं नाव निघालं तर काय बघतील?"

काका थंडीत गेले, सकाळीच, चहा व्हायच्या आधी. फ्युनरल होममध्ये आमची माणसं मावेनात. सगळ्यांत जास्त रडला तो मनीष. इतक्या मनापासून त्याला दुसऱ्या कुणी कधी गाढव म्हटलंच नव्हतं.

सई लवकरच पुन्हा शिकवायला लागली. मी माझ्या मुलीला आणायला क्लबमध्ये गेलो, तेव्हा क्लास सुटला होता आणि ती कोर्टवर सांडलेले बॉल टोपलीत भरत होती. मला गप्प बसवत नाही, हा माझा स्वभाव. मी मोठ्यानं म्हटलं, "सई, आता कसलं थांबणं? सोडलं म्हणून एकदा सांगून टाक आणि मोकळी हो बघू!"

तिनं हातातले बॉल टोपलीत टाकले.

"कोणाला?" ती म्हणाली.