लाल-निळ्या लोकरीची मिठी

डांबराच्या गोळ्यांचा गार, किंचित कडवट वास आणि त्यात मुरलेलं पौषातलं कोवळं ऊन! सॉल्ट लेकच्या आमच्या घरी, गच्चीवर, आईचं लोकरीचं खोकं उघडलं तेव्हा आधी भेटला तो हा वास. त्याच्या मागोमाग आई आली. तिला जाऊन दोन महिने झाले होते.

आई बागबाजारच्या मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची. गुणसूत्रं समजावताना लोकरीचे दोन जाड पेड न्यायची. लाल आईकडून आलेला, निळा वडिलांकडून. दोघांना शेजारी निजवून एकाच उंचीवर कापायची आणि शेपट्यांची अदलाबदल करून शिवून टाकायची. मग मराठी वळणाच्या बंगालीत म्हणायची, "नुसतं गळ्यात पडून भागत नाही गं. सुटताना थोडं द्यावं लागतं, थोडं घ्यावं लागतं." मागच्या बाकावरून हमखास प्रश्न यायचा, "दिदी, लग्नातही असंच?" "लग्नात टाके दिसतात," आई म्हणे, आणि वर्ग खिदळे.

तिनं शेवटचा शिवलेला जोड खोक्यात होता. तिचे बारीक, तिरके टाके! तिच्या हातचं एवढं तरी जसंच्या तसं राहावं, म्हणून मी तो कपाटात ठेवला.

रविवारी माझी बारा वर्षांची मिनी तो नाचवत गच्चीवर आली. "आई, हे चुकून उलटं लागलं होतं. मी ठीक करून दिलं." लालला लाल, निळ्याला निळं! आईचे टाके उसवून केरात गेलेले. मी तो हातात घेऊन आईच्या टाक्यांची जागा चाचपली. पोरीचा चेहरा उतरला. "आजी रागावली असती?"

माझ्या ज्या स्त्रीबीजातून मिनी आली, त्यातली ही देवघेव माझ्या जन्माआधीच झाली होती. मी आईच्या पोटात होते तेव्हा. तिथल्या अंधारात, माझ्या इवल्या देहात, आईबाबांकडून आलेली गुणसूत्रं एकमेकांना बिलगली, तुकडे बदलून विलग झाली. आईला तरी त्या क्षणी काय कळलं असेल? ती कदाचित वह्या तपासत असेल, उन्हात केस वाळवत असेल. मिनीपर्यंत पोचलं ते ना निखळ आई, ना निखळ बाबा. जसंच्या तसं राहिलं असतं, तर ही मिनी, हीच मिनी, आली असती का?

मी तिच्या हाती कात्री दिली आणि आजी काय शिकवायची ते सांगितलं.

"मग कुठे कापू? आजीच्याच जागी?"

"नाही गं. दर वेळी जागा वेगळी असते."

तिनं बराच वेळ विचार केला आणि बोटभर वर कापलं. शेपट्या बदलल्या. तिचे टाके मोठे, वेडेवाकडे. एक तर पार सुटायलाच आलेला. मी तो नीट केला नाही. पुढच्या टाक्यासाठी माझ्याकडून दोरा ओवून घ्यायला तिनं सुई पुढे केली, तेव्हा ऊन गच्चीच्या कठड्याशी पोचलं होतं, आणि तिच्या बोटांना तो गार, कडवट वास येत होता.