विजयाताईंचे डबे

आधीच सांगून ठेवतो, या सदरातले अनुभव मी वाचतो ते त्यात चूक कुठे आहे हे शोधायला. बहुतेक वेळा सापडते. कोणीतरी अर्धवट झोपेत असतो, कोणाला ताप असतो, कोणी ऐकलेली गोष्ट स्वतःची म्हणून सांगत असतो. माझ्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. म्हणून जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो. चूक सापडली तर कृपया कळवा, मला बरंच वाटेल.

मी डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आतल्या बाजूला राहतो. एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. नमुना घ्यायचा, तपासायचा, आकडा मर्यादेत असेल तर सही करायची. घरीही स्वभाव तोच. आमच्या सोसायटीत दोन विंग, अठ्ठेचाळीस फ्लॅट आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, ज्याचा दुर्दैवाने मी अ‍ॅडमिन.

तळमजल्यावर विजयाताईंचं पोळी-भाजी केंद्र आहे. राजापूरकडच्या. यजमान गेल्यानंतर त्यांनी ते स्वतःच्या स्वयंपाकघरातच सुरू केलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. सोसायटीतली निम्म्याहून अधिक घरं त्यांच्या पोळ्यांवर चालतात. संध्याकाळी त्या त्यांच्याच स्टीलच्या डब्यात पोळ्या देतात, दुसऱ्या दिवशी आपण डबा घासून परत द्यायचा. रिकामाच देतात सगळे. शेजारणीने खाऊ पाठवला तर तिचा डबा आपण रिकामा परत करत नाही, पण हा धंदा, त्यामुळे इथे तो नियम कोणी लावत नसे.

गेल्या वर्षी ग्रुपवर एक फोटो आला. ताटात पोळी, आणि पोळीत काहीतरी काळं. खाली लिहिलं होतं, ‘आपल्याच एरियातलं केंद्र, सावध राहा.’ नाव नव्हतं. पण आमच्या एरियात केंद्र म्हटलं की एकच. दुसऱ्या दिवशी बी विंगमधल्या एका आईने लिहिलं की मुलीला उलट्या झाल्या. त्यावर कोणी हात जोडले, कोणी काळजी घ्या लिहिलं, आणि दोन-चार घरांनी पोळ्या बंद केल्या.

मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. फोटो इंटरनेटवर शोधला, तर तो जुना, भलत्याच शहरातला निघाला. ताटही विजयाताईंचं नव्हतं, त्या ताट देतच नाहीत. मुलीची चौकशी केली, ती आदल्या संध्याकाळी वाढदिवसाला जाऊन पिझ्झा आणि आइस्क्रीम खाऊन आली होती. हे सगळं मुद्देसूद लिहून ग्रुपवर टाकलं. भरपूर अंगठे आले.

आणि त्या आठवड्यात आणखी घरं बंद झाली.

मला कळेना. मग लक्षात आलं, ज्यांनी मूळ फोटो पाहिलाच नव्हता त्यांना तो माझ्या खुलाशामुळे कळला. मी पुन्हा खुलासा टाकला, पुन्हा तेच. शेवटी मी दारोदार गेलो. देशपांडे म्हणाले, मला स्वतःला काही वाटत नाही हो, पण सगळ्यांनीच बंद केलंय म्हटल्यावर काहीतरी असेल. समोरच्या नायरबाईही तेच म्हणाल्या, स्वतःला शंका नाही, पण देशपांड्यांकडेही बंद झालंय ना. म्हणजे संशय खरं तर कोणालाच नव्हता. प्रत्येकजण दुसऱ्याच्या दाराकडे बघून आपलं दार लावत होता. याला काय पुरावा देणार?

आणि ज्यांनी बंद केलं त्यांच्याकडे शेवटचा डबा राहून गेला होता. तो द्यायला जायचं म्हणजे विजयाताईंच्या तोंडाकडे बघावं लागणार. म्हणून डबेही घराघरात पडून.

एका रविवारी सकाळी मी आमच्या पोळ्या सांगायला गेलो तेव्हा ओट्यावरची दुसरी शेगडी झाकून ठेवलेली होती. ताई सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, “या महिन्यानंतर दुसरीकडे बघा हं तुम्ही. मी भावाकडे जाते गावाला. फ्लॅट भाड्याने देईन म्हणते.” मी थोडं थांबा म्हणालो. त्या म्हणाल्या, “थांबून काय करू? लिफ्टमध्ये शिरले की लोक मोबाइलमध्ये बघायला लागतात.”

दुपारी घरी मी एकटाच होतो. माझी बायको मेधा कोलशेतला बहिणीकडे गेली होती. जेवण झाल्यावर खुर्चीत बसून मी ग्रुपवर मेसेज लिहायला घेतला. या वेळी पुरावे नाहीत, खुलासा नाही. पहिलं वाक्य लिहिलं ते असं: ‘माझी आई शेवटचे चार महिने विजयाताईंच्या हातूनच जेवली, त्या दुधात पोळी कुस्करून तिला भरवायच्या.’ ही गोष्ट खरी आहे. मी आणि मेधा कामावर असायचो, आई आयाच्या हातचं खात नसे, आणि ताई दुपारी लाटणं बाजूला ठेवून वर यायच्या. त्यांनी हे कधी कुणाला सांगितलं नाही, आम्हीही नाही. लिहिलं आणि वाटलं, हे घरातलं आहे, ग्रुपवर कशाला? ते वाक्य लगेच पुसलं.

मग लिहिलं, ‘ताईंचे डबे ज्यांच्याकडे राहिलेत त्यांनी आज परत करावेत. रिकामे देऊ नयेत, चिमूटभर साखर तरी घालावी. माफी मागून त्यांना लाजवू नका. नेहमीसारख्या उद्याच्या पोळ्या सांगा.’

दोनदा वाचलं. मग वाटलं, आधीच्या दोन मेसेजनी जे झालं तेच याने होईल. उरलीसुरली घरंही जातील. सगळं पुसून टाकलं, फोन चार्जिंगला लावला आणि आडवा झालो. पाठवला नाही. हे मी पूर्ण खात्रीने सांगतो.

सातच्या सुमाराला दूध आणायला खाली उतरलो. विजयाताईंच्या दाराबाहेरच्या कट्ट्यावर डबे होते... ओळीने. जिन्यातून आणखी एक जण डबा घेऊन उतरत होता. ताई दारात उभ्या. एक डबा उघडा होता, त्यात साखर. दुसऱ्यात गुळाचा खडा. एकात दोन केळी उभी कोंबलेली, झाकण लागत नव्हतं. देशपांडे माझ्यासमोर आले, डबा ठेवला आणि म्हणाले, “ताई, उद्या सहा पोळ्या. आणि भाजी तिखट नको, मागच्या वेळी घाम फुटला.” ताई म्हणाल्या, “मग गूळ आणायचात ना, साखर कशाला आणलीत?” इतकंच. कोणी माफी मागितली नाही. कोणी विषयही काढला नाही.

मला वाटलं, कोणीतरी पहिला डबा ठेवला असेल, तो बघून दुसऱ्याने. जसं बंद झालं तसंच सुरू झालं. हे पटण्यासारखं होतं. तेवढ्यात म्हात्रेकाका आले. आमची बिल्डिंग ज्यांच्या शेतावर उभी आहे ते हे म्हात्रे, सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात. मला ते नावाने हाक मारत नाहीत.

“काय रं क्वालिटी,” ते हळू आवाजात म्हणाले, “बरा लिवलास आज. तुजे आयशीला ती भरवायची, आमाला तं म्हाईतच नव्हता.”

मी म्हटलं, कुठे लिहिलं?

“आता ग्रुपवर नाय तं काय भिंतीवर?”

त्यांनी फोन काढला. ग्रुप उघडला, वर-खाली केला. शेवटचा मेसेज पाण्याच्या टँकरचा, सकाळचा. ते पुन्हा शोधायला लागले, मग म्हणाले, तूच पुसला असशील. पण पाठवलेला मेसेज पुसला तरी तिथे ‘मेसेज डिलीट केला’ अशी ओळ राहते. तशी ओळ नव्हती. माझ्या फोनवर नव्हती, त्यांच्या नव्हती, देशपांड्यांच्याही नव्हती. देशपांडे तर ‘लाजवू नका’ हे शब्द जसेच्या तसे म्हणाले.

रात्री मेधा आली. चपला काढतानाच म्हणाली, “आईंचं लिहिलंस ते बरं केलंस. मला वाटलं नव्हतं तू लिहिशील.” मी तिला फोन दाखवायला सांगितलं. तिच्याकडेही काही नव्हतं. रिक्षात वाचल्याचं तिला स्पष्ट आठवत होतं. मी पुन्हा पुन्हा विचारल्यावर ती चिडली. “अरे, डोळ्यात पाणी आलं माझ्या. ते काय टँकरचा मेसेज वाचून?”

हॅकिंग झालं असेल का, हेही मी ऑफिसातल्या आयटीच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, सर, लिहून पुसलेलं वाक्य फोनमध्येच राहत नाही, दुसऱ्याकडे कसं जाईल? डबा-साखरेचा रिवाज सगळ्यांना माहीत आहे, तेवढा योगायोग मी मान्य करीन. पण आईचं म्हात्र्यांना कुठून कळलं? ते वाक्य तर मी सगळ्यांत आधी पुसलं होतं.

ताईंना खरं सांगणं मला भाग होतं. श्रेय माझं नसताना ते घेणं बरोबर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. दोन्ही शेगड्या पेटलेल्या होत्या. म्हटलं, ताई, तो मेसेज मी पाठवलेलाच नाही.

त्यांनी तवा फिरवला. “पण लिहिलात ना?”

लिहिला, पण पुसला.

“मग झालं तर. तुमची आई मला काय म्हणायची ते नाही लिहिलंत ते एक बरं केलंत.” आणि हसल्या. आई त्यांना काय म्हणायची हे मला आजही माहीत नाही. विचारलं तर सांगत नाहीत.

केंद्र चालू आहे. भावाकडे त्या गणपतीला गेल्या आणि परत आल्या.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. फक्त एक बदल झालाय. मागच्या महिन्यात पार्किंगवरून बी विंगच्या एकाला मी ग्रुपवर चांगलं खरमरीत उत्तर लिहिलं, आणि शहाणपणाने न पाठवता पुसलं. सकाळी तो गेटपाशी भेटला. नेहमीसारखा हसला. मी त्याच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिलो... वाचलं असेल का याने? तो पुढे निघून गेला. पण त्या दिवसापासून त्याने गाडी माझ्या जागेत लावलेली नाही.